वस्ताद

देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्याला सुरू झाली. सामान्य घरांतली मुलं एनडीएपर्यंत पोहोचावीत, हा तिचा हेतू. कोशाच्या कापडासाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या आंधळगावाहून सातारा म्हणजे राज्याचं दुसरं टोक. इतक्या लांब सहावीत गेलेल्या पोराला वर्गात शिकवणारा आणि मैदानावर पळवणारा मास्तरच आईबापाच्या जागी असतो. म्हणून माजी विद्यार्थी जमले की हुद्द्यांआधी त्याचीच आठवण निघते.

मराठीत अशा माणसाला वस्ताद म्हणतात. हा फारसी ‘उस्ताद’. कुस्तीची तालीम अरबी ‘तअलीम’वरून आली, मूळ अर्थ शिक्षण. आपल्या भाषेनं आखाडा आणि शाळा वेगळ्या मानल्याच नाहीत.

सातारा जिल्ह्यातल्याच खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा सर्वांना ठाऊक आहेत, खर्डेकर किती जणांना?

शिक्षकाची नोंद सरकारी दप्तरात नेमणूक आणि निवृत्ती एवढीच राहते. बाकीचा इतिहास विद्यार्थ्यांच्या तोंडी असतो. तुमच्या वस्तादाबद्दल चार ओळी आजच लिहून ठेवा.