'द सिंकिंग ऑफ द लुसिटानिया' (१९१८) : एका हस्तचित्रित लघुपटातील शोक आणि सूड

प्रस्तावना :

७ मे १९१५ रोजी दुपारी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ यू-२० या जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडविले. १ मे रोजी न्यूयॉर्कहून निघालेले हे जहाज लिव्हरपूलला चालले होते. टॉर्पेडो लागल्यानंतर अवघ्या १८ मिनिटांत ते समुद्राच्या तळाशी गेले. सुमारे १,२०० माणसे मृत्युमुखी पडली व त्यांत १२८ अमेरिकन नागरिक होते. जहाज बुडत असतानाचे चित्रीकरण कोणाजवळही नव्हते. ही उणीव भरून काढण्याचे काम विन्सर मॅके या अमेरिकन व्यंगचित्रकाराने हाती घेतले. सचेतपटाच्या इतिहासात या १२ मिनिटांच्या मूकपटाचा उल्लेख बहुधा तंत्राच्या संदर्भात येतो. प्रस्तुत लेखात त्यातील शोकाचे सुडात रूपांतर कसे होते, याचा विचार केलेला आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी :

मॅके हा हर्स्ट यांच्या वृत्तपत्रसमूहात नोकरीस होता. अमेरिकेने युद्धात पडू नये, अशी हर्स्ट यांची भूमिका होती आणि मॅकेला दिवसा त्या भूमिकेस अनुकूल अशी चित्रे काढावी लागत. लघुपटाचे काम त्याने फावल्या वेळात व पदरचे पैसे खर्चून केले. त्यास जवळजवळ २२ महिने लागले. 'गर्टी द डायनोसॉर' (१९१४) या त्याच्या आधीच्या लघुपटात प्रत्येक कागदावर मागचा देखावाही पुन्हा काढावा लागला होता. या वेळी त्याने प्रथमच पारदर्शक सेल्युलॉइडचा उपयोग केला. त्यामुळे देखावा एकदाच काढून त्यावर हलणाऱ्या आकृत्या ठेवता आल्या. लाटांची १६ चित्रे जॉन फिट्झसिमन्स या सहकाऱ्याने काढली व तीच पुनःपुन्हा वापरण्यात आली. एकूण २५,००० चित्रे काढल्याचा दावा लघुपटातच केलेला आहे. दरम्यान ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरली. २० जुलै १९१८ रोजी लघुपट प्रदर्शित झाला, तेव्हा मूळ घटनेस तीन वर्षे उलटून गेली होती.

शोकाचे चित्रण :

प्रथमदर्शनी हा लघुपट विलक्षण संयत वाटतो. मॅकेची ख्याती विनोदी, स्वप्नमय चित्रांसाठी होती, परंतु येथे ती शैली त्याने बाजूस ठेवली आहे. जहाज दुरून दिसते, धूर हळूहळू पडदा व्यापतो, होड्या उलटतात आणि कलत्या जहाजाच्या कडेवरून माणसे ठिपक्यांप्रमाणे पाण्यात पडत राहतात. कोणीही रडताना दिसत नाही. मृतांपैकी चेहरा लाभतो तो केवळ आल्फ्रेड व्हँडरबिल्ट, नाट्यनिर्माते चार्ल्स फ्रोमन, लेखक एल्बर्ट हबर्ड आणि नाटककार चार्ल्स क्लाइन अशा नामवंतांना. तिसऱ्या वर्गातील प्रवासी व खलाशी मात्र ठिपकेच राहतात. शोकाचीही प्रतवारी होते, हे येथे नकळत उघड झाले आहे.

अखेरीस एक माता बाळाला पाण्यावर धरण्याची धडपड करते व दोघेही बुडतात. ही प्रतिमा पूर्णपणे नवी नव्हती. बोस्टन येथे १९१५ मध्येच फ्रेड स्पिअर याने बुडणारी माता व तिच्या कुशीतील बाळ असे भित्तिचित्र काढले होते आणि त्यावर सैन्यात भरती होण्याचे आवाहन करणारा एकच शब्द होता. म्हणजे मॅकेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच ही माता भरतीच्या कामास लागलेली होती.

शब्दांतील सूड :

चित्रांनी जे सांगितले नाही ते शेवटच्या लिखित पाटीने सांगितले. गोळी झाडणाऱ्याला या कृत्याबद्दल कैसरने गौरविले आणि तरीही जर्मनांचा द्वेष करू नका असे आम्हांस सांगितले जाते, असा तिचा आशय आहे. इतिहासाच्या कसोटीवर हे विधान टिकत नाही. पाणबुडीचा कप्तान वाल्टर श्वीगर यास १९१७ च्या जुलैमध्ये सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला, हे खरे. मात्र तो त्याने बुडविलेल्या जहाजांच्या एकूण टनभारासाठी होता. शिवाय सप्टेंबर १९१७ मध्येच तो यू-८८ या पाणबुडीसह नाहीसा झाला होता. लघुपट पडद्यावर आला तेव्हा ज्याच्यावर सूड उगवायचा तो दहा महिन्यांपूर्वीच मरण पावलेला होता. 'लुसिटानिया'वर रायफलींची सुमारे ४२ लाख काडतुसे होती, ही गोष्टही चित्रांत कोठे येत नाही. अर्थात तेवढ्याने प्रवाशांचा मृत्यू समर्थनीय ठरत नाही. परंतु घटनेची नोंद असल्याचा दावा करणाऱ्या कृतीने काय वगळले, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकास टाळता येणार नाही.

अपराधी हाती लागत नाही तेव्हा सूड जवळच्या माणसावर उतरतो. १९१५ च्या मे महिन्यात लिव्हरपूलमध्ये हेच घडले. जहाजावरील अनेक खलाशी त्या शहरातील होते आणि त्यांच्या मृत्यूची वार्ता येताच जमावाने जर्मन नावांची दुकाने फोडली. त्यांत वर्षानुवर्षे तेथे राहणारे डुकराच्या मांसाचे विक्रेते पुष्कळ होते. अमेरिकेत ५ एप्रिल १९१८ रोजी इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिलजवळ रॉबर्ट प्रेगर या जर्मन स्थलांतरिताला जमावाने झाडाला फाशी दिले. या प्रकरणी ११ जणांवर खटला चालला आणि १ जून रोजी ते सर्व निर्दोष सुटले. त्यानंतर सात आठवड्यांनी मॅकेची ती शेवटची पाटी अमेरिकन चित्रपटगृहांत वाचली जाऊ लागली.