भुकटीतले हरवलेले लायसिन

दूध आटत आले म्हणजे बासुंदीला बदामी रंग चढतो. तो साखरेचा, अशी आपली समजूत. वास्तविक साखर अजून घातलेलीही नसते! १९१२ साली लुई मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने द्राक्षशर्करा व अमिनो आम्ले एकत्र तापविली आणि या रंगाचे मूळ दाखविले. शर्करा प्रथिनांच्या घटकांशी संयोग पावते.

परंतु रंग येण्यापूर्वीच नुकसान झालेले असते. लायसिन हे अमिनो आम्ल आपले शरीर बनवू शकत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. दुधाची भुकटी करताना दुग्धशर्करा नेमकी त्याला बिलगते, आणि असे बांधलेले लायसिन पोटात जाऊनही अंगी लागत नाही.

ते मोजावे कसे? येथे प्रयोगशाळाच फसत असे म्हणा ना. प्रथिनाचे घटक सुटे करण्यासाठी ते हायड्रोक्लोरिक आम्लात सुमारे ११० अंशांवर दिवसभर तापवितात. त्यात बांधलेल्या लायसिनाचा काही भाग पुन्हा मोकळा होऊन चांगल्यातच मोजला जाई. सत्त्व गेलेली भुकटी कागदावर उत्तम ठरे!

१९६६ साली एर्बर्सडोब्लर व झुकर या जर्मन संशोधकांना अशा तपासणीत एक अनोळखी पदार्थ आढळला. १९६८ मध्ये त्याची रचना उलगडली. हेच फ्युरोसीन. ते दुधात नसतेच; बांधलेल्या लायसिनाच्या उरलेल्या भागातून आम्लातच जन्मते. आम्लाची तीव्रता व वेळ ठरलेली असली, की त्यावरून हरवलेल्या लायसिनाचा हिशेब मांडता येतो. ताज्या म्हणून विकलेल्या दुधात भुकटी कालवली आहे काय, हेही इटलीत फ्युरोसीन मोजूनच ओळखतात.