माळव्याची थंडी आणि डिझेलचे इंजिन

इंदूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसलेले आहे आणि तेथील रात्रीचा गारवा 'शब-ए-माळवा' या नावाने शतकानुशतके वाखाणला गेला आहे. जानेवारीत तेथील किमान तापमान सरासरीने १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. उत्तरेकडून थंडीची लाट आली, की ते काही रात्री ५ अंशांच्या खालीही उतरते. हिमालयातील किंवा युरोपातील हिवाळ्याशी तुलना करता ही थंडी सौम्यच म्हणावी लागते, कारण या तापमानाला रेडिएटरमधील पाणी गोठत नाही. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर भारताच्या आणि मध्य भारताच्या रस्त्यांवर हिवाळ्यातील पहाटे ट्रकचे इंजिन तापवून घेण्याची जी रीत रूढ झाली, तिच्यातून माळवाही सुटला नाही. या रीतीचा इतिहास पाहिला असता असे दिसते, की तिचे मूळ जितके हवामानात होते, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या काळच्या इंजिनाच्या रचनेत, वंगणाच्या प्रकारात आणि गाडी राखण्याच्या पद्धतीत होते.

इंदूर हे मालमोटारींचे शहर का झाले, हे समजून घेण्यासाठी रेल्वेच्या इतिहासाकडे वळावे लागते. इंदूरचे संस्थानिक दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले आणि त्यातून खांडवा ते इंदूर हा होळकर संस्थानी लोहमार्ग उभा राहून १८७८ पर्यंत वाहतुकीस खुला झाला. हा मार्ग मीटर गेजचा, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला होता, तर खांडव्याहून जाणारा मुंबईचा मुख्य मार्ग ब्रॉड गेजचा होता. त्यामुळे दक्षिणेकडे जाणारा माल खांडव्याला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे, आणि त्याआधी पातालपाणी-कालाकुंड दरम्यानचा विंध्याचा तीव्र चढउतार पार करावा लागे. शहरातील कापडगिरण्या, सराफा आणि धान्यबाजार वाढत गेले, तेव्हा दाराशी माल उचलून थेट मुंबईच्या पेढीपर्यंत पोहोचवणाऱ्या मालमोटारीला म्हणूनच मोठा वाव मिळाला. मुंबई-आग्रा रस्ता, जो पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणून ओळखला गेला, इंदुरातूनच जात होता; दक्षिणेस मानपूरजवळ विंध्य उतरून, खलघाटला नर्मदा ओलांडून, सेंधव्यापुढील बिजासन घाटाने तो महाराष्ट्रात शिरे आणि धुळे, नाशिक, कसारा असा मुंबईस पोहोचे. लोहामंडी, देवास नाका आणि ट्रान्सपोर्ट नगर ही इंदुरातील नावे याच व्यवसायाची खूण वागवतात.

इंजिन तापवण्याची कल्पना मात्र ट्रकहून जुनी आहे. डिझेल ट्रक येण्यापूर्वी जिनिंग, पिठाच्या गिरण्या आणि विहिरीवरील पंप यांसाठी जी तेलइंजिने वापरात होती, त्यांपैकी अनेक 'हॉट बल्ब' पद्धतीची होती. म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावर एक पोकळ लोखंडी फुगा असे, तो ब्लोलॅम्पच्या ज्योतीने काही मिनिटे तापवल्याशिवाय इंजिन सुरूच होत नसे. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९० च्या दशकात जर्मनीत विकसित केलेल्या इंजिनात ही बाहेरची ज्योत अनावश्यक ठरली, कारण त्यात केवळ हवा दाबून इतकी तापवली जाते, की तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शापर्यंत दाबली, की तिचे तापमान ५०० अंशांच्या वर जाते. परंतु हे घडण्यासाठी इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे आणि दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटता कामा नये. थंड लोखंडाने उष्णता शोषून घेतली, किंवा इंजिन संथ फिरले, तर फवारलेले डिझेल न जळताच पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. पहाटेच्या साऱ्या अडचणी या एकाच ठिकाणी येऊन मिळत.

भारतात डिझेल ट्रकचा प्रसार प्रामुख्याने १९५० च्या दशकात झाला. टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ पासून जमशेदपूरला 'टाटा-मर्सिडीज-बेंझ' ट्रक बांधण्यास सुरुवात केली, आणि त्याच सुमारास दक्षिणेत अशोक लेलँडचे ट्रक तयार होऊ लागले. पहिल्या मर्सिडीज इंजिनात पूर्वज्वलन कक्ष असे, म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये न फवारता आधी एका लहान कोठडीत फवारले जाई. या कोठडीच्या भिंतींमुळे उष्णता अधिक वाया जात असल्याने प्रत्येक सिलिंडरला विजेवर तापणारा प्लग द्यावा लागे, ज्याला गॅरेजमध्ये 'हिटर प्लग' म्हटले जाते. प्लग जळाला आणि बदलला गेला नाही, तर ती उणीव मनुष्यबळाने भरून काढावी लागे.

थंडीचा दुसरा आघात वंगणावर होई. त्या काळी एकाच दाटपणाचे, म्हणजे मोनोग्रेड, इंजिन ऑइल वापरले जाई. उन्हाळ्यात उपयोगी पडणारे जाड तेल हिवाळ्यातील पहाटे इतके घट्ट होई, की ते क्रँकशाफ्टला अडवून धरी. तिसरा आघात बॅटरीवर होई, कारण शिसे-आम्ल बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. म्हणजे इंजिन फिरवण्यास जेव्हा सर्वांत जास्त जोर लागे, नेमका तेव्हाच बॅटरीचा जोर सर्वांत कमी असे. त्यातच रिंग-पिस्टन झिजलेले इंजिन बांधून घेण्याचा खर्च मालक शक्य तितका पुढे ढकलत असल्याने कॉम्प्रेशन आधीच उतरलेले असे. माळव्यातील ५-७ अंशांची थंडी सुस्थितीतील इंजिनाला सहज पेलण्यासारखी होती. झिजलेल्या इंजिनाला ती पेलत नसे.

या परिस्थितीतून निरनिराळे उपाय रुळले. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे जे भांडे असते, ज्याला मिस्त्री 'चेंबर' म्हणतात, त्याच्याखाली निखारे किंवा छोटी शेकोटी ठेवून तेल पातळ केले जाई. चहाच्या टपरीवरून आणलेले गरम पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाई. डिझेलमध्ये भिजवलेला पलिता हवा ओढणाऱ्या नळीपाशी धरून इंजिनाला कोमट हवा दिली जाई. रात्री गाडी शक्यतो उतारावर उभी केली जाई, म्हणजे सेल्फने (विजेवरील स्टार्टरने) दगा दिला तरी ती सोडून देऊन गिअरमध्ये सुरू करता येई. यांतील बहुतेक कामे ड्रायव्हरची नसून क्लीनरची, म्हणजे बोलीतील 'किन्नर'ची असत. 'उस्ताद' उठण्याआधी गाडी तापवून ठेवणे हा त्याच्या शिकाऊपणाचाच भाग मानला जाई. डिझेलची टाकी आणि तेलकट इंजिन यांच्यालगत उघडी ज्योत नेण्यातील धोका उघड असूनही ही जोखीम व्यवसायाच्या उतरंडीतील सर्वांत खालच्या माणसाकडे जात असे.

इंजिन तापवण्यास इंदूरच्या भूगोलाने आणखी एक कारण दिले. शहरातून दक्षिणेस निघालेला भरलेला ट्रक तासा-दीड तासात विंध्याच्या उतारावर येतो आणि तेथून निमाडच्या सखल, तुलनेने उबदार मुलखात उतरतो. ज्या ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, त्यांत ही हवा इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर टाकीत भरतो. म्हणून पहाटे इंजिन सुरू करून काही वेळ उभ्या जागी चालू ठेवणे हे ब्रेकच्या दृष्टीनेही आवश्यक होते. तेल पातळ होण्याची आणि हवा भरण्याची वाट एकाच वेळी पाहिली जात असल्याने ही दोन कारणे ड्रायव्हरच्या मनात एकरूप झाली. पहिले कारण पुढे क्षीण झाल्यावरही सवय टिकून राहण्याचे हे एक स्पष्टीकरण ठरते.

दुसऱ्या एका रीतीचे मूळ तर उन्हाळ्यात सापडते. थर्मोस्टॅट हा इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला झडपेसारखा भाग असून पाणी सुमारे ८० अंशांपर्यंत तापेपर्यंत तो बंद राहतो, त्यामुळे इंजिन लवकर गरम होते. परंतु मे महिन्यात घाट चढताना पाणी उकळले, की दोष थर्मोस्टॅटला देऊन तो काढूनच टाकण्याचा प्रघात भारतीय गॅरेजांमध्ये फार फैलावला. परिणामी हिवाळ्यात पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरू लागे आणि चालत्या गाडीतही इंजिन नीट तापत नसे. मग रेडिएटरपुढे गोणपाट किंवा पुठ्ठा बांधून वारा अडवला जाई.

परिवर्तनाची सुरुवात १९८० च्या दशकात झाली आणि तिचे एक केंद्र इंदूरच्या शेजारीच होते. धार जिल्ह्यातील पिथमपूरच्या औद्योगिक क्षेत्रात आयशर कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने १९८६ मध्ये 'कँटर' हा हलका ट्रक बाजारात आणला. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांचा प्रसार होत गेला, तशी वाया जाणारी उष्णता घटली. थंडीत पातळ आणि उष्णतेत पुरेसे दाट राहणारे मल्टिग्रेड तेल, म्हणजे १५-डब्ल्यू-४० सारखे वंगण, सर्रास मिळू लागले. आयशर आणि स्वीडनची व्होल्वो यांनी २००८ मध्ये संयुक्त कंपनी स्थापन केली आणि २०१३ पासून पिथमपूरच्या कारखान्यात व्होल्वो समूहासाठी इंजिने तयार होऊ लागली, ज्यांतील काही युरोपात निर्यात झाली. ज्या भागात कधीकाळी पलित्याने इंजिन चेतवले जाई, तेथेच बर्फाळ प्रदेशात सुरू होणारी इंजिने घडू लागली. अशा अतिथंड प्रदेशांत इंजिन तापवण्याचे काम विजेवर सोपवले गेले होते. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील अँड्र्यू फ्रीमन यांना इंजिनाच्या बोल्टमध्ये बसणाऱ्या विद्युत तापकाचे पेटंट १९४९ मध्येच मिळाले होते.

इंधनाचा प्रश्न याहून वेगळा आहे. डिझेलमध्ये मेणासारखे पॅराफिन घटक असतात. तापमान उतरल्यावर त्यांचे स्फटिक बनून फिल्टर तुंबतो. ज्या तापमानाला असे घडते, त्याची मर्यादा भारतीय मानकाने उन्हाळ्यासाठी १८ अंश आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या हिवाळी महिन्यांसाठी ६ अंश अशी ठरवली आहे. मध्य भारतातील थंडीची लाट या हिवाळी मर्यादेच्या जवळ, कधी तिच्या खालीही, जाते, म्हणून उन्हाळी प्रतीचे डिझेल टाकीत शिल्लक राहिलेल्या ट्रकला अडचण येणे संभवते. लडाख-कारगिलमध्ये मात्र ही मर्यादा अगदीच अपुरी असल्याने तेथे डिझेलमध्ये रॉकेल मिसळले जाई; इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल तेथे उपलब्ध केले. इंदूरहून काश्मीरकडे जाणाऱ्या ट्रकला एकाच फेरीत सौम्य आणि गोठवणाऱ्या अशा दोन्ही हवामानांतून जावे लागते.

एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण मानकांनंतर पाण्याचे तापमान मोजून किती इंधन केव्हा फवारायचे, हे इंजिनावरील संगणकच सर्रास ठरवू लागला. अशा इंजिनाला उभ्या जागी दीर्घकाळ चालवणे लाभाचे नसून हानीचे ठरते, कारण मंद वेगात ते सावकाश तापते, अर्धवट जळलेले डिझेल सिलिंडरवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि चेंबरमधील तेलही पातळ करते. ब्रेकच्या टाकीत हवा भरली, की हलक्या पायाने गाडी हाकणे हीच आता इंजिन तापवण्याची योग्य पद्धत मानली जाते. तरीही जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत आणि जुन्या उस्तादांच्या हाताखाली शिकलेले ड्रायव्हरही आहेत, म्हणून पहाटे पाव-अर्धा तास इंजिन चालू ठेवण्याची सवय सरसकट गेलेली नाही. माळव्याची थंडी या साठ-सत्तर वर्षांत इतकी बदललेली नाही, की तिच्यामुळे शेकोटी विझावी. ही रीत मावळली ती मुख्यतः तेल, फवारणी आणि देखभाल सुधारल्यामुळे. आणि तिचा जो भाग आवश्यक असल्याने टिकला, म्हणजे ब्रेकसाठी हवा भरण्याची प्रतीक्षा, त्याचा थंडीशी मुळातच फारसा संबंध नव्हता.