बरणीतले दवबिंदू

कीटकभक्षी वनस्पती जोपासण्याचा छंद म्हणजे इंग्रजी काचघरांचा वारसा. डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८४२ साली आपल्या बंद काचपेट्यांवर पुस्तक लिहिले. अशा पेट्यांमुळे दूरदेशीची रोपे समुद्रप्रवासात तगू लागली आणि श्रीमंतांच्या काचघरांत घटपर्णी लोंबू लागली. १८७५ साली डार्विनचा या वनस्पतींवरील ग्रंथ आला. हौसेला शास्त्राची प्रतिष्ठा लाभली. तिची किंमत कोणी मोजली? मेघालयातील घटपर्णी अतिसंकलनाने आणि अधिवास घटल्याने इतकी विरळ झाली, की रानातून काढलेल्या रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी लागली.

आपल्याकडे काचघराची गरजच नव्हती. कासच्या सड्यावर पावसाळ्यात, कातळावरच्या नत्रहीन ओल्या मातीत, दवबिंदू आणि सीतेची आसवे आपोआप उगवतात. दुसरीचे सापळे मुळाशी, ओलाव्यात दडलेले. सूक्ष्म जीव क्षणार्धात आत शोषून घेणारे. नाव ठेवणाऱ्यांनी फक्त वरचे निळेजांभळे फूल पाहिले असावे. किती करुण नाव, आणि कोणाला!

काही वर्षांपूर्वी एका सड्यावरून दवबिंदूची चार रोपे मातीसकट उचलून मी उरणला आणली. बरणीत ठेवून नळाचे पाणी घातले. आठवड्यात पानांवरचे चिकट थेंब आटले. हे झाड वर्षायू. पुढच्या पावसाची भिस्त त्याच्या बियांवर असते, हे मी नंतर वाचले. माझी रोपे तेव्हा नुकती कळ्यांवर आली होती.