स्थौल्यचिकित्सा व मधूदकाचा पाठ

आपल्या पूर्वजांस स्थूलता हें केवळ ऐश्वर्याचें लक्षण वाटत असे, हा समज बराच रूढ आहे. वैद्यकग्रंथांची साक्ष मात्र याच्या अगदीं उलट आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील २१ व्या अध्यायाचें नांवच ‘अष्टौनिन्दितीय’ असें आहे. त्यांत सांगितलेल्या आठ निंदित पुरुषांपैकीं अतिस्थूल व अतिकृश या दोघांचाच विचार विस्तारानें केला असून, दोघांत कृश बरा, असा स्पष्ट निर्णय दिला आहे.

या निर्णयाचें कारण चिकित्सेच्या अडचणींत आहे. मेदानें मार्ग अडले कीं वायु कोष्ठांतच फिरून अग्नि चेतवितो. त्यायोगें भूक वाढते, आणि खाल्लेलें पुन्हा मेदांतच जातें. अशा रोग्यास नुसतें उपाशी ठेवावें, तर चेतलेला अग्नि व वायु त्यासच वणव्याप्रमाणें जाळूं लागतात. म्हणून चरकानें जें अन्न सांगितलें, तें पचावयास जड पण पोषणास हलकें. यव, श्यामाक, कोद्रव, मूग, कुळीथ हीं धान्यें या यादींत आहेत. यांतच ‘जूर्णाह्व’ हेंही नांव येतें. तें जोंधळ्याचें असें अनेक अभ्यासक मानतात. हें ग्राह्य धरल्यास देशावरील रोजची भाकरी चरकाच्या पथ्यांत बसते! परंतु वनस्पतिनामांचे अर्थ काळाबरोबर सरकतात, हें विसरून चालणार नाहीं.

सुश्रुतानें (सूत्रस्थान, अध्याय १५) स्थौल्य व कार्श्य या दोहोंचें मूळ रसांतच पाहिलें, आणि शिलाजतु, गुग्गुळ, गोमूत्र, त्रिफळा, लोहरज यांचे जोडीस व्यायाम व लेखनबस्ति सांगितले. पुढें माधवानें आपल्या निदानग्रंथांत मेदोरोगास स्वतंत्र प्रकरण दिलें.

अकराव्या शतकांतील चक्रपाणिदत्ताचा संग्रह या विषयांत विशेष पाहण्याजोगा आहे. त्याचा पिता गौडाधिपति नयपालाच्या पाकशाळेचा अधिकारी होता. मेद उतरविण्याचे योग पाकशाळेच्या अधिकाऱ्याच्या पुत्रानें संग्रहित करावे, हा योगायोग मौजेचा खरा. त्यानें प्रातःकाळीं मध घातलेलें पाणी घेण्यास सांगितलें आहे, आणि त्याच श्लोकांत पर्याय म्हणून भाताची उष्ण पेज दिली आहे. ‘उष्ण’ हें विशेषण पेजेचें आहे, पाण्याचें नाहीं.

आज मात्र घरोघरीं मध गरम पाण्यांतून घेतात, आणि तो शास्त्राधार म्हणूनच सांगतात. तापविलेला मध घातक होतो असें चरकानें बजाविलें आहे. तेव्हां या प्रथेस त्याचा आधार मिळत नाहीं. माझा तर्क असा कीं, श्लोकाच्या उत्तरार्धांतील ‘उष्ण’ पद सांगोवांगीं किंवा लेखकाच्या हातून पूर्वार्धावर ओढलें गेलें असावें. मुद्रित ग्रंथांवरून याचा निकाल लागणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं वैद्यांचीं बाडें किंवा चक्रदत्ताच्या पोथ्या आहेत, त्यांनीं स्थौल्याधिकाराचें पान काढून समासांतील टिपांसह ताडून पाहावें, व पाठभेद आढळल्यास पोथीचा लेखनशक आणि प्राप्तिस्थान यांसह कळवावा, एवढीच विनंति.