न भरणारी जखम आणि कातडीचा तुकडा

आंबेगावच्या पश्चिम भागात भाताची आवणी सुरू झाली की माणसे दिवसदिवस चिखलात उभी असतात. जुन्नरच्या पूर्वेकडे ऊस-कांद्याच्या रानात काटाकुटा लागायचाच. त्यामुळे पायाला जखम होणे यात तिकडे कोणाला नवल वाटत नाही. पण तीच जखम महिनोन्‌महिने भरली नाही, म्हणजे कोडे पडते. फुगलेल्या शिरा, मधुमेह, कुष्ठरोगाने आलेली बधिरता, क्षय अशी अनेक कारणे असू शकतात. वरून पाहता या जखमा पुष्कळदा सारख्याच दिसतात. यांतलेच एक कमी परिचित कारण म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह, अर्थात व्हॅस्क्युलायटिस.

या विकारात शरीराच्या संरक्षक पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीवरच चालून जातात. भिंत सुजते, आतली वाट अरुंद होते, रक्ताची गुठळी अडकते. त्या वाहिनीवर पोसलेली कातडी मरते आणि व्रण पडतो. त्याआधी बहुधा पायांवर किंचित उंच, जांभळट ठिपके उठतात. काचेच्या पट्टीने दाबले तरी ते फिकट होत नाहीत, कारण रक्त वाहिनीबाहेर झिरपलेले असते.

हे माणसाला कळले ते प्रथम शवविच्छेदनातून. 1866 मध्ये जर्मनीतील कुसमाउल आणि मायर या डॉक्टरांनी एका तरुण शिंप्याच्या मृत्यूनंतर त्याच्या रोहिण्यांवर आलेल्या गाठींचे वर्णन केले. निदान झाले, पण रोगी गेल्यावर! जिवंत माणसाच्या शरीराचा लहानसा तुकडा काढून तपासण्याला ‘बायॉप्सी’ हे नाव दिले फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ बेनिए यांनी, 1879 मध्ये. 1887 मध्ये अमेरिकेत कीज यांनी गोल धारेची छोटी नळी वर्णिली. आज ‘पंच’ म्हणतात ती हीच. जागा बधिर करून काही मिलिमीटर रुंदीचा तुकडा तिने काढता येतो.

महाराष्ट्रात त्वचेच्या तुकड्याचे मोल दाखवून देणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर (1895–1978) यांचे नाव अग्रभागी येते. 1941 मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. कर्करोगाइतकाच त्यांनी कुष्ठरोगाचाही अभ्यास केला. अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे तुकडे घेऊन त्यांतील बारीक मज्जातंतू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. चट्टा जुना होण्याची वाट न पाहता आरंभीच तुकडा पाहावा, हा त्यातला धडा. कुष्ठरोगात नजर मज्जातंतूंवर असते; आपल्या विषयात ती रक्तवाहिनीच्या भिंतीवर ठेवायची, इतकाच फरक.

काचपट्टीवर काय दिसते? हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. दाह झालेल्या लहान वाहिनीच्या भिंतीत पांढऱ्या पेशी घुसलेल्या, त्यांच्या फुटलेल्या केंद्रकांची निळी धूळ विखुरलेली आणि भिंतीत गडद गुलाबी फायब्रिन साचलेले दिसते.

मात्र तुकडा कुठून व केव्हा घेतला यावर सारे अवलंबून असते. व्रणाच्या मध्यभागी मेलेले ऊतकच हाती लागते. शिवाय कोणत्याही व्रणाच्या तळाशी वाहिन्या थोड्याफार बिघडलेल्या असतात, त्यामुळे फसगत होते. म्हणून एक-दोन दिवसांचा ताजा ठिपका किंवा व्रणाची कड निवडतात. मोठ्या वाहिनीचा संशय असेल तर चरबीच्या थरापर्यंत खोल जावे लागते. हा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीतून जुन्नरहून पुण्यापर्यंत खुशाल प्रवास करू शकतो. पण 1941 मध्ये कून्स यांनी शोधलेल्या चकाकत्या प्रतिद्रव्यांच्या तपासणीसाठी दुसरा तुकडा लागतो. तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवला की वाया गेला.

एवढा खटाटोप कशासाठी? रक्तवाहिनीदाहात पुष्कळदा स्टेरॉइड द्यावे लागते. तेच औषध जंतूंमुळे झालेल्या व्रणात एकटे दिले तर रोग बळावतो. पोटरीवरील गाठी फुटून होणाऱ्या एका प्रकारात तर वाहिन्यांचा दाहच क्षयाशी निगडित असतो. तेथे उपचार क्षयाचाच करावा लागतो. म्हणून शक्यतो आधी तुकडा, मग स्टेरॉइड.

तरीही काचपट्टी सर्वज्ञ नव्हे. वाहिनीला दाह आहे हे ती सांगते. तो एखाद्या औषधाने, कावीळच्या विषाणूने की ल्यूपससारख्या विकाराने, हे नेहमीच सांगत नाही. त्यासाठी रक्त तपासावे लागते. लघवीही तपासतात, कारण हाच दाह मूत्रपिंडात गुपचूप चालू असू शकतो.

शाळेत आपण कांद्याचा पापुद्रा रंगवून मुलांना पेशी दाखवतो. त्या तासाला ही गोष्टही सांगावी, असे आम्हाला वाटते. ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याच्या घरी महिनोन्‌महिने मलमपट्टी चालू असेल, तर ‘तुकडा तपासला का?’ हा प्रश्न तरी तेथे पोचेल.