गारपीट: यंत्रं गारा मोजत नाहीत, मग बुलढाण्यात त्यांची नोंद कोण ठेवतं?

११ फेब्रुवारी २०१८, रविवार. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत गारांचा मारा झाला. त्यात बुलढाणा आणि शेजारचा जालना हे जिल्हेही होते. हरभरा, गहू, कांदा आणि फळबागा आडव्या झाल्या. पांढऱ्याशुभ्र शेतांचे फोटो दिवसभर मोबाइलवर फिरत राहिले. अनेकांनी खाली 'काश्मीर' असंही लिहिलं.

पण एखाद्या गावात नेमक्या किती वाजता, किती मिनिटं आणि केवढ्या गारा पडल्या, हे विचारलं तर उत्तर कोणत्याही यंत्राकडे नसतं. ते असतं त्या वेळी आभाळाकडे पाहत उभ्या असलेल्या माणसाकडे.

असं का होतं? ही माणसं नेमकं काय पाहतात? आणि त्यांच्या नोंदीचा पुढे काय उपयोग होतो?

गारपीट म्हणजे नेमकं काय?

सोशल मीडियावर गारपिटीला 'बर्फाचं वादळ' किंवा 'बर्फवृष्टी' म्हटलं जातं. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

बर्फवृष्टीत हिमाचे हलके कण पडतात. त्यासाठी जमिनीजवळची हवाही थंड लागते. अमेरिका, कॅनडात ज्याला 'आइस स्टॉर्म' म्हणतात, त्यात पाऊस पाण्याच्याच रूपात पडतो, पण गोठणबिंदूखाली गेलेल्या झाडांवर आणि विजेच्या तारांवर पडताच त्याचा बर्फ होतो. महाराष्ट्रात असं होत नाही.

गारपीट मात्र गरम हवेतूनच जन्माला येते. दुपारी जमीन तापते, दमट हवा वेगाने वर चढते आणि उंच ढग तयार होतो. या काळात साधारण ४ किलोमीटर उंचीवर तापमान शून्याच्या खाली जातं. तिथे शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. बर्फाच्या एखाद्या कणाला हे थेंब चिकटून गोठत जातात. खालून येणारा वारा जोरात असेल तर गार वरच तोलली जाते आणि वाढत राहते. वाऱ्याला ती पेलेनाशी झाली की खाली पडते.

म्हणून ढगातला वर चढणारा वारा जितका जोरदार, तितकी गार मोठी. ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या व्यासाच्या बर्फाच्या गोळ्याला हवामानशास्त्रात गार म्हणतात.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच जास्त धोका का?

या महिन्यांत जमीन तापू लागलेली असते, पण वरच्या थरातली हवा अजून थंड असते. उत्तर भारतात पश्चिमी विक्षोभ आला की वरचे थंड, कोरडे वारे दक्षिणेपर्यंत पोचतात. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे आले, तर दोन्हींची गाठ मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भावर पडते.

२०१४ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या बहुतेक भागांत पुन्हा पुन्हा गारा पडल्या आणि लाखो हेक्टरवरची पिकं गेली. बारामतीजवळ माळेगावला असलेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने त्यानंतर गारपिटीची कारणं, नुकसान आणि नंतरचं पीक व्यवस्थापन यावर स्वतंत्र पुस्तिका काढली.

गारपीट फक्त उन्हाळ्याच्या तोंडावर होते असंही नाही. २६ नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळी पावसात बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात गारा पडल्या. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन होतं. त्या शेडनेटना मोठा फटका बसला.

बुलढाण्यात आभाळ वाचणं अवघड का?

जिल्ह्यात १३ तालुके आहेत आणि लोक त्यांचे दोन भाग करतात: घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. वर अजिंठ्याच्या रांगेचं पठार, खाली पूर्णेचं खोरं आणि उत्तरेला सातपुडा. एकाच दुपारी वर ढग दाटलेले आणि खाली लख्ख ऊन, हे इथे नवीन नाही.

त्यात गारांचा पट्टा अरुंद असतो, बहुतेकदा काही किलोमीटर रुंदीचा. एका गावाचं शिवार झोडपलं जातं आणि शेजारच्या गावात नुसता शिडकावा होतो.

मग रडार आणि हवामान केंद्रं काय करतात?

ती कामाचीच आहेत, पण प्रत्येकाला मर्यादा आहे.

- रडार: विदर्भाचा अंदाज नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र देतं. नागपूरला डॉप्लर रडार आहे, पण तिथून बुलढाणा शहर सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारची किरणं इथे पोचेपर्यंत जमिनीपासून कित्येक किलोमीटर वर गेलेली असतात. ढगाचा माथा दिसतो, पण खाली काय पडतंय ते दिसत नाही.
- उपग्रह: इन्सॅटची चित्रं ढग कुठे वाढतोय ते दाखवतात. ढगाखाली गारा आहेत की पाऊस, हे त्यावरून थेट कळत नाही.
- स्वयंचलित हवामान केंद्र: 'महावेध' प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांच्या पातळीवर केंद्रं बसवली आहेत. ती पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा नोंदवतात. गारा मोजत नाहीत. उलट गारा पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात अडकल्या तर पावसाचा आकडाही त्या वितळल्यावर, म्हणजे उशिरा येतो.

थोडक्यात, गार पडली की नाही हे सांगायला माणूसच लागतो.

गावातले निरीक्षक टप्प्याटप्प्याने काय पाहतात?

गावोगावी असे चार-दोन लोक असतातच. कुणी शेतकरी, कुणी शिक्षक, कुणी कृषी केंद्रवाला. पद नसतं, पण आभाळ भरून आलं की व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'तिकडं काय?' हा प्रश्न त्यांनाच येतो.

*आदल्या दिवशी:* हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा.

*दुपारी:* सकाळपासून वाढलेला दमट उकाडा, पडलेला वारा आणि पश्चिमेला फुलकोबीसारखे वर चढत जाणारे ढग. ढगाचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला, तर तो गडगडाटी ढग झाला असं समजतात.

*शेवटचे दोन-तीन तास:* हवामान विभागाचे तातडीचे इशारे पुढच्या ३ तासांसाठी असतात. सोबत वरच्या अंगाच्या गावांचे फोन. या काळातली वादळं बहुतेकदा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात, म्हणून देऊळगाव राजाकडची बातमी मेहकरला महत्त्वाची. दोन्ही गावांत सरळ रेषेत साधारण ६० किलोमीटरचं अंतर आहे. वादळ ताशी ४० किलोमीटरने सरकत असेल तर हाताशी दीड तास मिळतो. अर्थात एक ढग विरून त्याच्या बाजूला दुसरा उभा राहू शकतो, त्यामुळे हा हिशेब खात्रीचा नसतो.

*शेवटची काही मिनिटं:* अचानक सुटलेला गार वारा, घसरलेलं तापमान आणि लांबून येणारा सलग घरघराट. ढगाला हिरवट छटा आली की गारा येतात असं म्हणतात. तो जाड ढगाचा संकेत असू शकतो, पण गारांचा पुरावा नाही.

हा वेळ थोडा असला तरी त्यात बरंच वाचवता येतं. सोंगून ठेवलेल्या हरभऱ्याच्या सुडीवर ताडपत्री टाकता येते, काढलेला कांदा झाकता येतो, जनावरं गोठ्यात आणि वावरातली माणसं पक्क्या घरात आणता येतात.

भेंडवळची घटमांडणी यात कुठे बसते?

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती १८ प्रकारची धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर आणि पापड, कुरडई, भजी असे पदार्थ. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातले बदल पाहून पाऊस-पिकांचं भाकीत सांगितलं जातं. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही परंपरा सुरू केली असं मानतात आणि आजही वाघ घराण्याकडेच ती आहे.

या भाकिताला वैज्ञानिक आधार नाही. ते ऐकायला दरवर्षी शेतकऱ्यांची गर्दी होते. पण ते असतं अख्ख्या हंगामाचं. आज चार वाजता गारा पडतील का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ढग, वारा आणि शेजारच्या गावाचा फोनच उपयोगी पडतो.

गारांची नोंद कशी ठेवायची?

आधी जीव सांभाळावा. अडीच ते साडेचार सेंटिमीटरची गार ताशी साधारण ४० ते ६५ किलोमीटर वेगाने आदळते. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ गारपिटीत २४६ जणांचा मृत्यू झाला. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीतली ही सर्वाधिक जीवितहानी आहे. शिवाय गारांबरोबर विजा असतात. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी झाडाखाली किंवा उघड्यावर थांबू नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अॅप आसपासच्या विजांचा इशारा देतं.

मारा थांबल्यावर:

१. सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ लिहा.
२. गार वितळायच्या आत पट्टी किंवा १० रुपयांचं नाणं शेजारी ठेवून फोटो काढा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. 'लिंबाएवढी', 'बोराएवढी' ही मापं प्रत्येकाची वेगळी असतात.
३. सगळ्यात मोठी आणि साधारण आकाराची, अशा दोन्ही गारांचे फोटो घ्या.
४. मोबाइलचं लोकेशन सुरू ठेवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली ठिकाणाची माहिती निघून जाते. मूळ फोटो जपून ठेवा किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
५. गारा पडल्या नसतील तर तेही कळवा. पट्ट्याची कड त्यावरूनच कळते.

अमेरिकेत १९९८ पासून 'कोकोराज' नावाच्या उपक्रमात हजारो स्वयंसेवक अशा नोंदी ठेवतात. अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेला फोमचा तुकडा ते अंगणात ठेवतात. त्यावर पडलेल्या खळग्यांवरून गारांचा आकार आणि संख्या मोजतात. भारतीय हवामान विभागानेही नागरिकांना आपल्या भागातलं हवामान ऑनलाइन कळवण्याची सोय दिली आहे.

या नोंदीचा उपयोग काय?

नुकसानीचे पंचनामे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक करतात. ते शेतात पोचेपर्यंत गारा वितळलेल्या असतात. दिसतात ते फुटलेले घाटे आणि फाटलेली पानं.

गारपीट ही केंद्राच्या यादीतली नैसर्गिक आपत्ती आहे. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तर आपत्ती निधीतून मदत मिळते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राचे दर हेक्टरी असे: जिरायती ८,५०० रुपये, बागायती १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकं २२,५०० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत.

पीक विम्याचं चित्र बदललं आहे. पूर्वी गारपिटीनंतर ७२ तासांत कळवलं की वैयक्तिक नुकसानीचा दावा करता येत असे. २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयाचा विमा बंद केला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या उत्पादनावर आणली. म्हणजे मंडळातल्या मोजक्याच गावांना गारांनी झोडपलं, तर सरासरीत ते नुकसान दिसेलच असं नाही. फळपिकांच्या हवामान आधारित विम्यात गारपिटीचं संरक्षण जादा हप्ता भरून घेता येतं आणि त्यात ७२ तासांची अट आहे. नियम हंगामागणिक बदलतात, त्यामुळे अर्ज भरताना त्या वर्षीचा शासन निर्णय पाहावा.

फॉरवर्ड करण्याआधी

अवकाळीचा इशारा आला की जुने व्हिडिओ नव्याने फिरू लागतात. २०१४ ची शेतं 'आत्ताची' म्हणून येतात. गाव, तारीख आणि वेळ नसलेला व्हिडिओ पुढे पाठवू नये. शंका आली तर त्या गावातल्या एखाद्याला फोन करावा.

खोट्या व्हिडिओने दुहेरी नुकसान होतं. चार वेळा घाबरून ताडपत्री टाकलेला माणूस पाचव्यांदा खरा इशारा मनावर घेत नाही. आणि खऱ्या गारांचा फोटो त्या गर्दीत हरवला, तर पंचनाम्याच्या वेळी दाखवायला शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही.